आधी खोट्यावर, मग खऱ्यावर

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. अक्षर वाकडं आहे, काना-मात्रा चुकत असतील, माफी असावी. पण आमच्या जिनिंगच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या साहेबांइतका स्वतःवरच संशय घेणारा माणूस अख्ख्या राळेगाव तालुक्यात झाला नाही, हे मी शपथेवर लिहीन.

त्यांच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर होते. एक खरा. त्यावर कापसाची मापं आणि आम्हा बायांची मजुरी निघे. दुसऱ्याला ते खोटा म्हणत. हिशेबात काही बदलायचं झालं की आधी खोट्यावर चालवून पाहायचं, वहीत नोंद करायची, मगच खऱ्यावर. नव्या चपलाही ते आठ दिवस नुसत्या आवारात घालत. नवी चहापत्ती आली की मला आधी अर्धाच कप करायला लावत. डबा घेऊन आलेल्या त्यांच्या बायको एकदा म्हणाल्या, "माह्या बापानं घाई केली, नाहीतर यायनं मलेबी आधी खोट्यावर चालवून पाह्यलं असतं!" साहेब गंभीरपणे म्हणाले, "नोंद तरी ठेवली असती."

ज्यानं बदल केला त्यानंच तो पास करायचा नाही, हा त्यांचा नियम. ऑफिसात दुसरं माणूस कोण, तर झाडू मारणारी मी. हातानं मांडलेला हिशेब आणि खोट्यावरचा कागद माझ्यापुढे ठेवून म्हणत, "बाई, आकडे जुळले तरच सही." एकदा मी खाली मान घालून म्हटलं, "साहेब, जुळून नाही राह्यलं." ओल्या कापसाच्या वजनातली कपात दोनदा लागत होती. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. मालक ओरडले, "झाडूवालीच्या सहीसाठी वजनकाटा बंद ठेवता काय जी?" साहेब म्हणाले, "हो जी." आपली चूक त्यांनी लाल शाईनं वहीत लिहिली आणि खाली माझं पूर्ण नाव: 'यांनी थांबवलं.' तेवढ्या मानानं माझं नाव कोणी लिहिलं नव्हतं.

मग ते मुलीकडे नागपूरला राहायला गेले. खोटा कॉम्प्युटर पोत्याखाली गेला. नव्या लोकांनी मजुरीचा हिशेब थेट खऱ्यावर बदलला, आणि त्या आठवड्यात प्रत्येक बाईची एका दिवसाची मजुरी गळाली. बाया म्हणाल्या, "तू सही करत होती ना, तूच बोल." मला चारचौघांत बोलता येत नाही. तरी साहेबांची मागे राहिलेली वही छातीशी धरून मालकांपुढे गेले. म्हटलं, "मालक, या बदलाची नोंद नाही, सही नाही. पाह्यलं कोणी?" मालक किती वेळ पानं चाळत राहिले. मग म्हणाले, "हातानं मांडा सगळं."

त्या वेळी साहेब दाराशी उभे असायला हवे होते, असं फार वाटलं. त्यांचा नंबर आहे, पण फोनवर मला काही सुचत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते: शनिवारी सगळ्या बायांचे पैसे पुरे परत मिळाले.