दोन गाड्यांमधला हात

रत्नपाल अठरा वर्षं दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीत गाड्या लावतो. दोन गाड्यांच्या मध्ये कोपरापासून बोटांपर्यंत स्वतःचा हात आडवा धरून बघतो. मावला, तरच पुढची गाडी. बोटीत पंधरा बसतात.

त्याची मुलगी प्रांजली गणितात एमएस्सी करते. इष्टतमीकरणाच्या पेपरसाठी तिने याच बोटीवर प्रकल्प केला: तेवढ्याच जागेत जास्तीत जास्त गाड्या कशा बसवाव्यात. संगणकाने उत्तर दिलं, अठरा. सध्याच्या पद्धतीत जागा वाया जाते, असं तिने अहवालात लिहिलं. रत्नपालने तो वाचला आणि जेट्टीभर कौतुक सांगत सुटला.

तोंडी परीक्षेच्या सकाळी ती बोर्लीहून बोटीवर आली. खाडीपलीकडून एसटी पकडून अकराला अलिबागच्या कॉलेजात पोचायचं होतं. वरच्या डेकवर ती उत्तरं घोकत उभी होती.

खालून टेम्पोवाला दयाराम ओरडला, "रत्नपालभाऊ, पोरीचं गणित आम्हाला नुसतं ऐकवता! आज बसवा की तसं."

"बसवतो. आधी तुझं धूड आत घे."

त्या दिवशी रत्नपालने मध्ये हात धरला नाही. अठरा गाड्या खरंच मावल्या. मग एका पांढऱ्या गाडीचं दार चार बोटं उघडून अडलं. आत मांडीवर मूल घेतलेली बाई होती.

"अहो, उतरायचं कुठून?"

प्रांजली वरून कठड्यावर वाकली. लहानपणापासून ती याच बोटीवर गाडीतून उतरून वर येत होती. माणसं उतरतात, एवढंच तिने समीकरणात घेतलं नव्हतं.

रत्नपालने तीन गाड्या परत जेट्टीवर घेतल्या. हॉर्न, शिव्या. बोट उशिरा सुटली.

"बाबा, चुकलं माझं," पलीकडे उतरताना ती म्हणाली.

"मी हात धरला न्हाय, ते चुकलं. तू जा, एसटी जाईल."

एसटीने काशीद मागे टाकलं तरी तिच्या मांडीवरचा अहवाल मिटलेलाच होता. परीक्षकांनी बोट पाहिलेली नव्हती. ती गप्प राहिली, तर कुणाला कळणारही नव्हतं.

"अठरा. छान," पानं उलटत परीक्षक म्हणाले.

"सर, पंधरा."

"इथे तर अठरा लिहिलंय."

"एक अट राहिली. दारं उघडायला जागा लागते."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "किती?"

तिने टेबलावर हात आडवा ठेवला. तो बाबांच्या हातापेक्षा आखूड होता.

"सेंटिमीटरमध्ये सांगा."

"मोजलं नाही, सर." तिने हात मागे घेतला. "बाबांना विचारायला हवं होतं."