सवलतीपुरते विद्यार्थी

आमच्या घरमालकांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू सांगितलेल्या किमतीला विकत घेतली नाही, आणि औरादपासून आळंदपर्यंतच्या टापूत त्यांच्याइतकी घासाघीस करणारा दुसरा कुणी जन्मला असेल, तर त्याची नि माझी भेट झालेली नाही. बिदरच्या मराठी शाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी त्यांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. माझा नवरा हैदराबादला कंपनीत होता. शनिवारी संध्याकाळच्या बसने यायचा आणि रविवारी परत जायचा. मधले दिवस त्या घरात मागे मी आणि पुढे ते, अशी दोनच माणसं असायची. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, मीही म्हणू लागले. मूळचे ते चिंताकी गावचे. आजा मेंढरं राखायचा, वडलांनी शेती केली, आणि हे गुरांच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होऊन निवृत्त झाले. बायको वारलेली, एकुलता मुलगा बंगळूरला कंप्युटरच्या कंपनीत. घरात बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळे अप्पा सगळं बोलणं बाजारात उरकून येत.

मेथीच्या जुडीवर ते अर्धा तास काढत. शेवटी भाजीवाली कंटाळून म्हणायची, "घ्या अप्पा, तुमच्याच भावानं घ्या," आणि मग हे एवढीशीच भाजी घेत, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाता येई. त्या अर्ध्या तासात तिच्या लेकीला स्थळ कुठलं आलंय, नवऱ्याची दारू सुटली की नाही, हे सगळं त्यांना कळलेलं असे. एकदा मी दुकानदाराने सांगितले तेवढे पैसे देऊन कुकरची शिट्टी घेऊन आले, तर त्यांना माझी कीवच आली. म्हणाले, "बाई, भाव न करता उठलं की समोरच्याचं गाव कळत न्हाई, नाव कळत न्हाई. मग ते काय घेणं झालं?" त्यांच्या दृष्टीने किंमत ही पैशाची गोष्टच नव्हती. ती दारावरची कडी होती; वाजवायची, म्हणजे आतून कुणीतरी बोलतं.

पण दिवस बदलत होते. मोठ्या रस्त्यावरची दुकानं एकामागून एक काचेची होत होती, आणि प्रत्येक काचेवर 'एकच भाव' अशी पाटी लागत होती. अप्पा त्या पाट्यांसमोरून चालताना मान दुसरीकडे फिरवत. एका चपलांच्या दुकानात त्यांनी तरीही भाव करून पाहिला. तिथल्या मुलीने नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. अप्पा घरी येऊन मला म्हणाले, "एक शब्द बोलली न्हाई बघा पोरगी. बोट दावली." त्यानंतर कितीतरी दिवस ते जुन्याच चपला शिवून वापरत होते.

अशात त्यांना कंप्युटर घ्यायचं सुचलं. म्हणजे सुचवलं सुनेने, तेही नकळत. सुट्टीत नातवाला इकडे पाठवा, असं अप्पा दर वर्षी फोनवर सांगत. त्या वर्षी ती म्हणाली, मुलगा तिथे कंटाळतो, तुमच्याकडे कंप्युटरसुद्धा नाही. अप्पांचा मुलगा म्हणाला, मी इथून एक पाठवून देतो. अप्पांनी साफ नकार दिला. पाठवून दिलेल्या वस्तूचा भाव कसा करणार?

जून महिना होता. शाळा-कॉलेजं सुरू होत होती, आणि बसस्टँडजवळच्या कंप्युटरच्या दुकानावर कापडी फलक लागला होता. कानडीत, उर्दूत आणि इंग्रजीत लिहिलं होतं की विद्यार्थ्यांना खास सवलत, शिवाय एक दप्तर मोफत. कॉलेजचं ओळखपत्र आणावं. अप्पांनी तो फलक तिन्ही भाषांत वाचला आणि घरी येऊन जाहीर केलं, "मी विद्यार्थी व्हायलोय."

मला वाटलं थट्टा आहे. पण दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून ते बाहेरून बी.ए. करायच्या केंद्रावर गेले. तिथल्या कारकुनाने विचारलं, नातवाचा प्रवेश का? अप्पा म्हणाले, न्हाई, माझाच. विषय कोणता, असं त्याने विचारलं, तेव्हा अप्पांनी कुठल्या विषयात गर्दी जास्त असते हे विचारून घेतलं आणि समाजशास्त्र घेतलं. फोटोसाठी त्यांनी केस काळे केले होते. तो रंग कपाळावरही उतरला होता, त्यामुळे ओळखपत्रावर ते एखाद्या नाटकातल्या खलनायकासारखे दिसत. मी त्यांना हळूच दाखवून दिलं की प्रवेशाची फी सवलतीपेक्षा जास्त होते. त्यावर त्यांनी माझ्याकडे मायेने पाहिलं. "फी शिक्षणाची हाय बाई. सवलत सवलतीची हाय. दोनीचा मेळ कामून घालायलाव?"

ओळखपत्र हाती आलं त्या संध्याकाळी ते मला साक्षीला घेऊन दुकानात गेले. खांद्यावर मोठा टॉवेल होता. गुरांच्या बाजारात दलाल टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवतात. अप्पांनी तो टॉवेल दुकानदाराच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली. दुकानदार तरुण होता, शहरातच वाढलेला; त्याने घाबरून हात मागे घेतला. मग अप्पांनी यंत्राकडे मोर्चा वळवला. डबा चहूबाजूंनी न्याहाळला, पाठीवर थाप मारली, आतला पंखा सुरू झाल्यावर कान लावून श्वास ऐकला. एवढी तयारी झाल्यावर त्यांनी घसा साफ केला आणि ओळखपत्र पुढे ठेवलं.

दुकानदाराने कार्ड पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, कॅल्क्युलेटरवर दोन-तीन बटणं दाबली आणि सवलतीची किंमत समोर धरली. एक शब्द नाही, एक प्रश्न नाही.

अप्पा त्या आकड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला आणि दुकानाबाहेर पडले. वाटेत मी विचारलं, अप्पा, सवलत तर मिळाली, मग घेतलं का नाही? ते म्हणाले, "म्हंजी आता बोलायचंच न्हाई का कुणी?"

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि तसेच परत आले. शाळेतून येताना दुकानदाराने मला गाठलं. त्याला खरोखरच कळत नव्हतं की कुठे चुकलं. म्हणाला, "मॅडम, डिस्काउंट दिया, बॅग भी दे रहा हूँ. और क्या होना उनको?" मी त्याला सांगितलं की त्यांना डिस्काउंट नकोच आहे, तुम्ही थोडं भांडा. तो हसला नाही. म्हणाला, माझे आजोबाही असेच होते.

तिसऱ्या दिवशी अप्पा मला घेऊन गेले तेव्हा त्याने आधी खुर्ची दिली, चहा मागवला आणि मग ओळखपत्र उलटसुलट करून परत दिलं. हे कार्ड चालणार नाही, म्हणाला. सवलत विद्यार्थ्यांना आहे, पेन्शनवाल्यांना नाही. अप्पांचा चेहरा त्या क्षणी असा उजळला की मला तिथे असल्याचं बरं वाटलं. मग जे सुरू झालं ते दिवेलागणीपर्यंत चाललं. विद्यार्थी म्हणजे कोण, इथून सुरुवात झाली. दुकानदाराने वयाची अट काढली, अप्पांनी फलकावर वय लिहिलेलं नाही हे दाखवलं. त्याने विचारलं, दाढी पिकलेला माणूस विद्यार्थी कसा? अप्पा म्हणाले, "परीक्षेचं भ्या ज्याला वाटतं त्यो विद्यार्थी. मला वाटायलंय." बघ्यांमध्ये हशा पिकला. मधे दुकानदाराच्या आईच्या गुडघेदुखीची चौकशी झाली, त्याच्या आजोबांच्या म्हशीवर अप्पांनीच औषधपाणी केलं होतं हेही निघालं. शेवटी पहिल्या दिवशीच्याच किमतीला सौदा ठरला. दोघेही थकलेले आणि खूश होते. घरी येताना कंप्युटर रिक्षात होता आणि मोफतचं दप्तर अप्पांच्या पाठीवर.

दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत त्यांनी त्या यंत्राची गाभण गाईसारखी काळजी घेतली. ऊन येईल म्हणून खिडकीला पडदा लावला. डबा तापला की त्यावर तळहात ठेवून बसत, आणि मला बोलावून म्हणत, "धाप लागायली बघा." दुकानदाराकडून खेळांच्या सीडी आणल्या. शेंगदाण्याचे लाडू माझ्याकडून करून घेतले.

आणि नातू आला. चार-पाच दिवस राहिला. आल्या आल्या कंप्युटरसमोर बसला तो जेवायला आणि झोपायला तेवढा उठला. अप्पा त्याच्या मागे खुर्ची टाकून बसत. किल्ला दाखवायला नेतो म्हणाले, तर पडद्यावरची नजर न काढता त्याने "नंतर आजोबा," म्हटलं. वाईट मुलगा नव्हता. निघताना त्याने त्यांना मिठी मारली आणि म्हणाला की खूप मजा आली. गाडी वळेपर्यंत अप्पा फाटकात उभे होते.

मी चहा घेऊन गेले तेव्हा ते त्याच खुर्चीवर बसले होते. समोरची रिकामी होती. मी विचारलं, भरपूर गप्पा झाल्या का?

"त्याच्या मानेवर तीळ हाय," ते म्हणाले. "तिच्यावानीच. केसाखाली बारीक. मला ठाऊक नव्हतं." एवढं बोलून त्यांनी चहा बशीत ओतला. बायकोचं नाव ते घेत नसत. ती म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती.

त्यानंतर नातू पुन्हा आला नाही. त्याला बंगळूरलाच नवं काहीतरी मिळालं असावं. अप्पा मात्र रविवारचे वर्ग करू लागले. फी भरलीच आहे, असं ते म्हणत. पण रविवारी सकाळी ते मोफतचं दप्तर पाठीला लावून निघताना त्यांची पावलं भराभर पडत. वर्गात बिदरजवळच्या कोळारच्या कारखान्यांत पाळीने काम करणारी मुलं होती, निंबर्ग्याहून लग्न होऊन बिदरात आलेली एक अंगणवाडी सेविका होती, एक होमगार्ड होता. सगळ्यांना पदवी हवी होती, म्हणजे पगार वाढेल, नाहीतर दुसरी नोकरी मिळेल. अप्पांना काहीच नको होतं, म्हणून ते सगळ्यांसाठी पुढच्या बाकावर जागा धरत. हळूहळू ती मंडळी टिपणं टाइप करायला घरी येऊ लागली. कंप्युटर एकदाचा कामाला लागला, आणि पुढच्या खोलीतून मला माणसांचे आवाज येऊ लागले.

पहिलं वर्ष अप्पा पास झाले, दुसरंही झाले. तिसऱ्या वर्षी एकच पेपर उरला. त्या पेपरच्या सकाळी मी शाळेला निघाले, तर अप्पा बनियनवर ओसरीत बसून पेपर वाचत होते, म्हणजे वर्तमानपत्र. मी घाबरून विचारलं, आज परीक्षा नाही का?

"हाय की."

"मग गेला नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "गेलो तर पास व्हईन बाई. अभ्यास झालाय माझा." चष्मा परत लावत म्हणाले, "मग ऐतवारी कुठं जाऊ?"

शाळेला उशीर होतोय म्हणून मी निघाले. त्याच्या पुढच्या वर्षीही त्यांनी तो पेपर दिला नाही, त्याच्याही पुढच्या नाही. जुनी मुलं पदव्या घेऊन पुण्याला, हैदराबादला गेली. वर्गात नवी आली. अप्पा तेवढे तिथेच राहिले.

त्यातल्याच एका रविवारची गोष्ट. आदल्या दिवशी नवऱ्याचा फोन आला होता की या आठवड्यातही यायला जमत नाही. गेल्या आठवड्यातही जमलं नव्हतं. मी ओसरीत तांदूळ निवडत बसले होते. अप्पा तयार होऊन बाहेर आले, माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखे न जाता पायरीशी उभे राहिले.

"येता का वर्गाला? जागा लई हाय तितं."

मी म्हटलं, अप्पा, मी एम.ए., बी.एड. झाले, मी आता काय शिकू?

"शिकायला कोण जायलंय," ते म्हणाले.

मी तांदूळ झाकून ठेवले आणि साडी बदलून आले. अप्पा रस्ताभर मला कोण कुठे बसतं ते सांगत होते. त्या दिवशी घर संध्याकाळपर्यंत कुलूपबंद होतं, आणि मागे फोन वाजत असेल का, हे वर्गात एकदाही माझ्या मनात आलं नाही.