रशियन परीक्षेला जाताना

सोलापूरच्या एका कापडगिरणीच्या ऑफिसात मी टायपिस्ट होते. सत्तरच्या दशकात तिथं रशियन यंत्रं यायची होती आणि त्यांचे कागद बघायला रशियन येणारं माणूस हवं होतं. ते काम मला हवं होतं, म्हणून संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

अख्ख्या वर्गाचं घोडं 'जाण्या'पाशी अडलं. पायी जाणं वेगळं, गाडीनं जाणं वेगळं. त्यात 'जायलाच हवं' म्हणायचं तर आधी 'म्न्ये नादो'. मी माझी रोजची कामांची यादीच रशियनमध्ये लिहून स्वयंपाकघरात चिकटवली. दळणाला जायला हवं, पायी. ऑफिसला जायला हवं, बसनं. सकाळी चपला घालता घालता मोठ्यानं वाक्य म्हणायचं, लगेच मराठीत अर्थ.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. चौथ्या दिवशी त्यांनी लाटणं खाली ठेवलं.

"उंबऱ्यावर उभी राहून जाते, जाते काय लावलंयस गं? येते म्हण की!"

"आत्या, परीक्षेत जाणंच विचारतात."

"परीक्षा तिकडं. घर हितं हाय."

वाद घालायला यादीत वेळ नव्हता. यादीत सगळीकडचं 'जाणं' खोडून रशियनमध्येही 'येणं' केलं. तीन महिने मी दळणाला आले, बसनं ऑफिसला आले. घरात शांतता.

तोंडी परीक्षेचे परीक्षक पुण्याचे, मराठीच. रोज काय काय करावं लागतं, असं त्यांनी रशियनमध्ये विचारलं. मी यादी धडाधड म्हटली. त्यांनी चष्मा काढला आणि ते मराठीवर आले.

"बाई, तुम्ही सगळीकडे येताच. जाता कधी?"

"आमच्या घरातून कुणी जात नाही, सर."

ते इतके हसले की पाणी मागवावं लागलं. मी मनात 'पास' अशी खूणही केली. उठताना सवयीनं म्हटलं, "येते, सर."

"या," ते म्हणाले, "सहा महिन्यांनी."

आत्यांना त्यातही समाधान. "बघ, येते म्हटलं की परत येणं होतंच!"

यंत्रं यायची लांबली, म्हणून गिरणीचे साहेबही माझ्यासाठी थांबले. सहा महिन्यांनी मी उंबऱ्यावर उभी राहून स्पष्ट म्हटलं, "आत्या, परीक्षेला जाते."

त्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

पास झाले, काम मिळालं, त्या परीक्षेच्या हॉलची पायरी पुन्हा चढावी लागली नाही. म्हणजे 'जाते' म्हटलं की परत येणं नाही, हे आत्यांचंच खरं ठरलं. त्या दिवशी मात्र संध्याकाळी त्यांनी मला दाराबाहेरच उभं केलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि मगच घरात घेतलं.