आप्पांच्या नंबरावरची वस्ती

हैदराबादची गाडी दौंडला थांबते जेमतेम, आणि आमच्या आईचा निरोप काही जेमतेम नसतो. त्यामुळे मी डब्यात, निम्म्या पिशव्या फलाटावर आणि आई खिडकीच्या गजातून सूचना देतेय, अशा अवस्थेत गाडी हलली. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गाडीबरोबर चालत शेवटची पिशवी दारातून आत ढकलली. तिच्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली आमच्या रानातली गुलछडी होती. फुलं कशाला, हे विचारायला वेळच मिळाला नाही. "नव्या घरात पहिल्या दिशी देवाला वाहायची असत्यात," असं आईनं नंतर फोनवर सांगितलं. मी उतरले त्या खोलीत देव नव्हता. आधीच राहणाऱ्या दोन मुली होत्या आणि एक इंडक्शनची शेगडी. फुलं मी पाण्याच्या बाटलीत उभी केली आणि आईला सांगितलं, वाहिली.

गाव सोडायची ती माझी पहिली वेळ नव्हती. त्याआधी शिरूरला थोरल्या बहिणीकडं राहून मी रांजणगावच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम केलं होतं. कंपनीच्या बसनं जायचं, बसनं यायचं, शनिवारी घरी. तिथं मशीनजवळच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड चिकटपट्टीनं स्क्रीनलाच लावलेला असे. मी एकदा तो काढून टाकला, तर सुपरवायझर वैतागून म्हणाला, "मॅडम, तीन शिफ्टची मान्सं हायती, मी कुणाकुणाच्या कानात सांगत बसू?" तेव्हा मला तो माणूस अडाणी वाटला. आता वाटतं, शिफ्ट बदलली की हात बदलतात एवढा साधा विचार ते कुलूप बनवणाऱ्यानंच केला नव्हता. पण एवढी अक्कल यायला मला हैदराबादला जावं लागलं.

हैदराबादची कंपनी शेतमाल विकायचं ॲप चालवते. शेतकऱ्यानं माल गावाजवळच्या केंद्रावर द्यायचा, भाव ॲपवर बघायचा, पैसे खात्यात. मी तिथं सिक्युरिटीचं बघायला लागले. आई विचारायची, "म्हंजी नेमकं करतीस काय?" मी सांगायचे, "कुलपं ओढून बघते, उघडतायत का ते." यावर तिचं म्हणणं, एवढ्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं, आपल्या विहिरीच्या मोटारीच्या पेटीचं कुलूप वर्षभर मोडलेलंच आहे.

रोज सकाळी चहाबरोबर तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचायची सवय तिथंच लागली. अमक्या कंपनीची माहिती फुटली, तमक्या दवाखान्याचे कॉम्प्युटर कुणी बंद पाडले. प्रत्येक बातमीच्या शेवटी कंपनीचं एक ठरलेलं वाक्य असतं, ग्राहकांनी काळजी घ्यावी. मला त्या वाक्याचा भयंकर राग येतो. घर बांधताना मागची भिंतच घालायची विसरायची आणि राहणाऱ्याला म्हणायचं, दाराला कडी लावत जा.

आता आमच्या वस्तीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच आहे. खुटबावच्या शिवारात आमच्या भावकीची घरं आहेत, सगळी फुलं आणि तरकारी करणारी. मोबाईलला धड रेंज लागते ती आमच्याच बांधावर. शिवाय आप्पांना वाचायला आवडतं आणि कुणाचं काम ते कधी टाळत नाहीत. त्यामुळे गॅस असो, बँक असो, रेशन असो, नंबर विचारला की वस्तीतली बाई आप्पांचा नंबर द्यायची. आमच्या कंपनीचं ॲप वरवंडच्या केंद्रावर सुरू झालं तेव्हाही तेच झालं. खाती वेगवेगळी, नंबर एकच.

मग कुणी माल टाकला की ओटीपी यायचा आप्पांच्या फोनवर. आप्पा हातातलं खुरपं टाकून बांधावर उभे राहायचे आणि रानभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "हिरावैनी, आला गं तुमचा! कुणाला सांगू नका म्हणत्यात, घ्या, चार, सात, नऊ..." आणि पलीकडच्या रानातून हिराकाकू तेवढ्याच जोरात आकडे परत म्हणून दाखवायच्या, चूक नको म्हणून. मी सुट्टीला आले असताना हे पहिल्यांदा ऐकलं आणि कपाळाला हात लावला. सांगायला गेले तर आप्पा म्हणाले, "आगं, हितं ऐकणारं कोन हाय? सगळी आपलीच." खरंच सगळी आपलीच होती. मी हसले आणि विषय तिथंच राहिला.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीत गडबड झाली. काही शेतकऱ्यांच्या खात्यात कुणीतरी परस्पर बँकेचा नंबर बदलला आणि मालाचे पैसे भलतीकडं गेले. आमच्या भागातले नव्हते ते, दुसऱ्या राज्यातले होते. हे कसं होऊ शकतं ते मला लगेच कळलं, कारण ते भोक मी आधीच दाखवलं होतं. स्वतःच्या खात्यात शिरायचं आणि वर दिसणाऱ्या वेबपत्त्यातला खाते क्रमांक बदलायचा, की दुसऱ्याचं खातं उघडं. ओटीपी विचारलाही जात नव्हता. माझी तक्रार 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणून मागं पडली होती, कारण तेव्हा सगळ्यांना नव्या सोयी दाखवायची घाई होती.

त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला. आवाज जरा ओशाळलेला. "सारिका, तुमचं ॲप बंद पडलंय का काय? मला एकबी ओटीपी येईना. सगळ्यांचं पैसं आडकलं. हिरावैनी म्हंत्या, भावजींनीच कायतरी दाबलं आसंल." शेवटचं वाक्य ते हसत म्हणाले, पण त्यांना लागलं होतं. आप्पांकडं कुणी चुकून का होईना हिशेबाच्या बाबतीत बोट दाखवलं, असं मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

मी चौकशी केली. कंपनीनं एक नियम लावला होता. ज्या एका नंबरावर पुष्कळ खाती, तो नंबर संशयित. असे नंबर बंद करून त्यांची यादी केली होती, आणि नंबरवाल्यांची नावं पोलिसांकडं तक्रारीत द्यायची होती. सोबत एक निवेदन तयार होतं, काही शेतकऱ्यांनी आपला ओटीपी इतरांना दिल्यामुळे हा गैरप्रकार घडला. तपासणाऱ्याची म्हणून खाली माझी सही हवी होती.

खरं सांगते, पहिला विचार काय आला ते. आप्पांचा नंबर त्या यादीतून काढणं हे माझ्या दोन क्लिकचं काम होतं. कुणी विचारलंही नसतं. मी काढते, सही करते, वस्तीचे पैसे सुटतात, आप्पांना कधी कळतही नाही. पण यादीतले बाकीचे नंबर कुणाचे होते? कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी बांधावर उभे राहणारे दुसरे आप्पाच असणार ते. त्यांच्या मुली काही आमच्या ऑफिसात बसलेल्या नव्हत्या. आणि चोर त्यांच्यात नव्हता हे मला माहीत होतं. माझ्या डोक्यात तेव्हा भीती कमी आणि संताप जास्त होता.

माझे साहेब श्रीनिवास. शांत माणूस, मला शिकवलं त्यांनीच, माझ्या आजारपणात घरून डबा पाठवणारे. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं. मीटिंगमध्ये मी उभी राहिले आणि इंग्रजीत जे बोलले ते मराठीत असं होतं, "या यादीत माझ्या वडिलांचा नंबर आहे. म्हणून या तपासात माझा शब्द धरू नका, दुसऱ्या कुणाला तरी बसवा. पण बसवण्याआधी हे बघा." आणि मी माझ्या खात्यातून त्यांचंच चाचणीचं खातं उघडून दाखवलं, बँकेचा नंबर बदलून दाखवला. त्यांच्या फोनवर ओटीपी आला नाही. सगळे त्या फोनकडं बघत बसले होते.

"हे दुरुस्त करू आपण," श्रीनिवास म्हणाले. "पण निवेदन आज जायला हवं. सही कर, नंतर शब्द बदलता येतील."

"नाही करणार."

"तुझी बढती याच महिन्यात आहे."

"माहीत आहे, सर."

मी आधीची तक्रार आणि त्या दिवशीचं सगळं लेखी करून वरच्यांकडं पाठवलं, श्रीनिवासना सांगून, त्यांच्या पाठीमागून नाही. दुसऱ्या टीमच्या एका बाईंनी नव्यानं तपास केला आणि त्यांना तेच सापडलं. भोक बुजवलं गेलं, नंबर सुटले, पोलिसांकडं नावं गेली नाहीत. निवेदनात एक ओळ आली, त्रुटी आमच्या प्रणालीत होती. ती ओळ मी किती वेळा वाचली असेल कुणास ठाऊक.

शाबासकी वगैरे काही नाही. बढती दुसऱ्याला मिळाली. मला सिक्युरिटीतून काढून रिपोर्ट बनवणाऱ्या टीमवर टाकलं, खिडकीपासून लांब. मैत्रिणी म्हणाल्या, सोड ही नोकरी. मी सोडली नाही. भोक दाखवणाऱ्यानं निघून जायचं आणि झाकणाऱ्यांनी बसायचं, हा कुठला न्याय? सिक्युरिटीत परत घ्या म्हणून मी रीतसर अर्ज केलाय, आणि उत्तर येत नाही तोवर करत राहणार आहे. चिवटपणा आमच्या रक्तात आहे. गारपिटीनंतर दुसऱ्या दिवशी रानात जाणाऱ्या माणसाची मी मुलगी.

पण अवघड काम पुढंच होतं, आणि ते हैदराबादेत नव्हतं. कंपनीची चूक होती म्हणून बांधावरून ओटीपी ओरडणं बरोबर ठरत नव्हतं. आज चोर मागच्या भिंतीतून आला, उद्या पुढच्या दारानंही येईल. दिवाळीला घरी गेले तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं, यापुढं ज्याचं खातं त्याचा नंबर. आप्पांचा नंबर सगळीकडून काढायचा.

आप्पा जेवताजेवता थांबले. "म्हंजी माझ्यावर इस्वास न्हाई म्हन की."

"तुमच्यावर आहे, आप्पा. तुमचा फोन हरवला, कुणी हिसकावला, तर अख्खी वस्ती हरवेल."

"इतकी वर्षं कुनाचं कायबी गेलं न्हाई."

"व्हय, पर त्या दिशी बोलनं तुम्हालाच खावं लागलं की," आई मधेच म्हणाली. ती माझ्या बाजूनं बोलली हे बघून मीच चकित झाले.

आप्पा ताट घेऊन उठले, आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. मी मात्र हटले नाही. अंगणात सतरंजी टाकली, एकेकीला बसवलं, नंबर बदलले. हिराकाकूंच्या मुलानं त्यांना रांजणगावातून फोन आणून दिला होता, तो त्या ओच्यात ठेवायच्या. पहिला ओटीपी आला तसा त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचायला तोंड उघडलं आणि मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. बायका हसून हसून लोळल्या. ओट्यावर बसून आप्पा हे सगळं बघत होते. वस्तीला लागणारा माणूस म्हणून जी त्यांची जागा होती, ती मी माझ्या हातानं थोडी थोडी कमी करत होते, हे मला दिसत होतं. तरी करत राहिले.

तुम्ही जे गावी आहात आणि तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, दोघांनाही सांगते. बाहेर जाऊन आपण जे शिकतो ते घरी सांगताना आपलाच माणूस दुखावतो. म्हणून आपण हसतो आणि विषय सोडून देतो, जसा मी आधी सोडला होता. ऑफिसात नाही म्हणायला मला जेवढं बळ लागलं, त्याच्या दुप्पट अंगणात लागलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते. आप्पा आत आले आणि स्वतःचा फोन माझ्यापुढं धरला.

"माझाबी पासवर्ड बदलून दे. तुझ्या जन्मतारखेचा हाय. साऱ्या वस्तीला म्हाईत हाय."

मी त्यांना कुठं दाबायचं ते दाखवलं, फोन परत त्यांच्या हातात दिला आणि पाठ करून उभी राहिले. आप्पांची बोटं जाड, पहिल्यांदा चुकलं, मग पुटपुटत परत टाकलं. मला वळून बघायची फार इच्छा होत होती. इतकी वर्षं घर म्हणजे माझ्यासाठी अशी जागा होती, जिथं मला सगळ्यांचं सगळं माहीत असतं.

"टाकला बघ," आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "तुला सांगू का?"

"नको, आप्पा," मी म्हणाले. "मलासुद्धा नको."