देवीखालचा रंग

आमच्या शकूच्या हातात कोणी गाडीच्या दरवाजाचं पॅनेल दिलं, की ती आधी ते उलटं करते. आणणारा पुढून दाखवत असतो, "बघा ना, कसं पांढरंफटक पडलंय," आणि ही मागचे कान चाचपत बसते. कान म्हणजे पॅनेल पत्र्यात अडकवायचे प्लॅस्टिकचे आकडे. "रंग गेला तर आणता येतो, भाऊ. कान गेले तर हे नुसतं ताट. घरी न्या, जेवा यात."

शकू माझी धाकटी सून. माहेर कल्याणचं, दिली कोलशेतला. जुन्या पिकअप गाड्यांचं आतलं सामान ती पुन्हा उभं करते. डॅशबोर्ड, दरवाजांची पॅनेलं, हँडलं, काचेवर ऊन अडवणाऱ्या झडपा, असलं सगळं. आमच्याच घराच्या पडवीत. मी शाळा दुसरीपर्यंत शिकले, पुढचं आयुष्य मिठागरात गेलं. ऊन काय चीज आहे ते मला कोणी शिकवायला नको. त्याच उन्हानं आम्हाला मीठ दिलं आणि आमच्या गाडीचा रंग खाल्ला.

ती गाडी आबांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. मिठागरं बंद पडली तेव्हा त्यांनी पिकअप घेतली आणि मरेपर्यंत भाजी वाहिली. ते गेल्यावर थोरला रघु बोलला, "आई, भंगारात देऊन टाकू. दारात शोभत नाही." आता आमच्या जमिनीवर बिल्डिंगी उभ्या राहिल्यात ना, दारात काय शोभतं याचा हिशोब रघु ठेवतो. गाडी न्यायला माणूस यायच्या आत शकूनं आतलं सगळं खोलून काढलं. डॅशबोर्डवर एकवीरा आईची मूर्ती चिकटवलेली होती. तिनं पाया पडून, कोमट पाण्यानं गोंद सोडवत मूर्ती उचलली आणि ओरडलीच, "आई, या इकडे!"

बाकी डॅशबोर्ड राखेसारखा झालेला. पण देवी बसली होती तेवढी तळहाताएवढी जागा निळसर काळी, पाटीसारखी, गाडी घरी आली त्या दिवशीसारखी.

"रंग गेला नाही, आई. हिनं धरून ठेवलाय."

तिथून तिचा धंदा लागला. प्रत्येक जुन्या गाडीत असा एक तुकडा असतोच, ती सांगते. कोणाची देवी, कोणाचा गणपती, कोणाची बुद्धमूर्ती. तिच्याखालच्या रंगाशी ती नवा रंग जुळवते. म्हणून गिऱ्हाइकाला तिची ताकीद आहे, देव घरी काढून आणू नका, माझ्यासमोर काढा. दुसरी ताकीद खोबरेल तेलाची. चकाकी यावी म्हणून अर्धे ड्रायव्हर डॅशबोर्डला तेल चोळतात, मग त्यावर रंग काही धरत नाही. "तेल डोक्याला लावा, थंड राहील," असं ती बोलते आणि वस्तू साबणाच्या पाण्यात बुडवते. भेगा मागून जाळी लावून भरते, घासते, बंदुकीनं रंग फवारते आणि सावलीतच वाळवते.

किंमतही तीच सांगते, आणि खरी सांगते. एकानं हँडलचा अख्खा डबा आणला, जुनं आहे, भारी असेल म्हणून. ही बोलली, "हे प्रत्येक दुकानात मिळतं. चहा घ्या आणि जा." मात्र कल्याणच्या बाजारात कांदे वाहणारा राजरत्न त्याच्या वडलांच्या गाडीचं सामान घेऊन आला तेव्हा तिनं त्याला खाली बसवलं. "या मॉडेलचं आता बनत नाही. डुप्लिकेट मिळेल, पण गाडी खड्ड्यात गेली की टाळ वाजल्यासारखं वाजेल. हे कोणाला विकू नका. माझ्याकडे ठेवा, करून देते."

ते सामान पडवीत असतानाच रघुच्या मुलीचं, आमच्या स्वप्नाचं लग्न ठरलं.

"पडवी रिकामी कर," रघुनं शकूला सांगितलं. "हळदीला सोयरे येणार. सून दारात भंगार घासते, हे बघून काय बोलतील?"

"काय बोलतील, दादा?"

"तोंड वर करून विचारतेस?"

"खाली करून विचारलं तर ऐकू येईल का?"

माझा धाकटा, देवेश, तिचा नवरा, मधेच पाणी प्यायला उठला. भांडण लागलं की त्याला तहान लागते. बापावर गेलाय.

दोन दिवसांनी शकू रंग आणायला कल्याणला गेली आणि दारात टेम्पो आला. भंगारवाला मधु. रघुनं बोलावलेला. मी काठी टेकत पडवीत गेले आणि आबांच्या गाडीच्या सीटवर बसले, मांडीवर त्यांचा डॅशबोर्ड.

"आजी, उठा ना. रघुशेठनी सांगितलंय सगळं भरायला."

"भर की. पहिली मला भर. माझाही रंग उडालाय, सांधे वाजतात. किलोला काय भाव देतोस?"

मधु हसायला लागला. रघु आतून आला. "आई, तमाशा नको."

"तमाशा टेम्पो घेऊन आला, मी तर बसलेय. ही पडवी तुझ्या बापानं बांधली, आणि यात परक्याचं सामान विश्वासानं ठेवलंय. माझी सून घरी येईपर्यंत इथून एक स्क्रू हलणार नाही."

मधुनं रिकामा टेम्पो वळवला. रघुनं मग दुसरी शक्कल काढली. मांडववाल्याकडून जाड, सोनेरी काठाचा पडदा आणून पडवीला ठोकला. शकू आल्यावर बोलली, "छान आहे," आणि पडद्यामागे काम करत राहिली.

हळदीला मांडव भरला. धवलारीण देवांची नावं घेत गात होती, आम्ही सगळ्या पिवळ्या झालेलो. नवऱ्या मुलाची आत्या गोदूबाई हात धुवायला जागा शोधत गेली आणि तिनं पडदा सारला. आत डॅशबोर्ड ओळीनं टांगलेले.

"अगो बाय! हे काय दुकान मांडलंय?"

रघु धावला. "ते होय... भाडेकरू आहे आमचा. जाईल आता."

गाणं थांबलं नाही, पण मांडवातल्या निम्म्या माना वळल्या. शकू हातात हळदीचं ताट घेऊन उभी होती. मला वाटलं, गिळेल. सुना गिळतात, मीही गिळलंय पुष्कळ. तिनं ताट माझ्या हातात दिलं.

"भाडेकरू नाही, आत्या. मी आहे. जुन्या पिकअपचं आतलं काम करते. आणि जाणार कुठे? माझं घर आहे हे."

"घरची सून असलं काम करते?" गोदूबाईनं नाकाला पदर लावला. "आमच्यात नाही करत."

"आमच्यात करतात," मी बोलले. "लग्न जमवायच्या आधी विचारायचं होतंत."

गोदूबाई जेवणापर्यंत कोणाशी बोलली नाही. जेवली मात्र पोटभर. लग्न झालं, स्वप्ना सासरी गेली. रघुनं माझ्याशी अबोला धरला, शकूशी तर धरलाच. धरू दे. आमच्या तिघांच्या अबोल्यात देवेशला पाणी कमी पडायला लागलं, एवढंच.

राजरत्न येऊन सामान घेऊन गेला. त्याच्या बुद्धमूर्तीखालचा रंग आणि बाकीचा रंग, मी चष्मा लावून बघितलं, कुठे सांधा दिसला नाही.

पडवी आहे तिथेच आहे. मांडववाला पडदा मागायला आला तेव्हा शकूनं त्याला त्याचे पैसे देऊन तो ठेवून घेतला. आता तो पश्चिमेच्या बाजूला बांधलाय. दुपारचं ऊन थेट आत यायचं, रंगवलेल्या सामानावर. पुढची बाजू सताड उघडी आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही सगळं दिसतं, आणि आबांच्या सीटवर बसलेली मीही.