श्री कोणी पुसायचा

महाळुंग्यात आमच्या सोसायटीच्या गेटाजवळची भिंत दोन वर्षं कोरी होती. कोरी म्हणजे वरून पांढरी आणि खालून पान खाणाऱ्यांच्या कृपेनं लाल. सव्वीस जानेवारी जवळ आली तेव्हा मीच मीटिंगमध्ये उठून म्हटलं, त्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका लिहून घेऊ या. तीस वर्षं चाकणच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंय मी, माझ्याशी वाद घालायला सहसा कोणी उठत नाही. सोसायटीतले बहुतेक जण कंपन्यांतले, कोणी लातूरचे, कोणी परभणीचे, ओव्हरटाइम करून पेंगुळलेले. सगळे एका सुरात म्हणाले, "हो बाई, घ्या लिहून."

लिहायला कोणाला बोलवायचं हा प्रश्नच नव्हता. माझा एक जुना विद्यार्थी चाकणला बोर्ड रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून हातानं लिहिणारे उरलेत किती? पण ह्याचं अक्षर बघत राहावं असं. घर मुसलमानाचं, पिढ्यान्‌पिढ्या चाकणचं, आणि आसपासच्या कितीतरी देवळांच्या पाट्या ह्याच्याच हातच्या. नागरिकशास्त्रात मात्र मी त्याला काठावर पास केलं होतं.

तो सकाळीच आला. भिंतीला पांढरा रंग आदल्या दिवशीच दिला होता. खडू लावलेल्या दोरीनं त्यानं ओळी आखल्या. मी त्याला मजकुराचा कागद दिला आणि चहा टाकायला वर गेले. लिफ्ट बंद, त्यात माझे गुडघे. खाली येईपर्यंत त्याच्या तीन ओळी लिहून झाल्या होत्या. बघते तर काय, सगळ्यात वर, मधोमध, शेंदरी रंगात, दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा घेऊन ऐटीत बसलेला श्री!

"अरे बाबा, हे काय करून ठेवलंस?"

"काय चुकलं, बाई?" तो बिचारा कागदाशी एकेक अक्षर ताडून बघायला लागला.

मग काय, मी तिथंच तास सुरू केला. अरे, संविधान सभेत ह्या पहिल्या ओळीवरूनच वाद झाला होता. देवाचं नाव घेऊन सुरुवात करा म्हणणारे होते. मतं घेतली आणि ती सूचना पडली. विरोधात मत देणारे काही सगळे नास्तिक नव्हते रे, घरी जाऊन दिवा लावणारेच त्यात पुष्कळ होते. पण फाळणीची कापाकापी त्यांनी नुकतीच डोळ्यांनी पाहिली होती. धर्माच्या नावावर शेजारी एक देश निघाला होता. आपल्याकडे पहिला मान कोणाच्या देवाला, हे भांडण त्यांना दारातच नको होतं. म्हणून पहिला शब्द 'आम्ही'. त्याच्या डोक्यावर कोणी बसायचं नाही.

तेवढ्यात आमचे चेअरमन आले. माणूस वाईट नाही, पण मोबाइल हाताला चिकटलेला. काम कुठवर आलं हे ग्रुपवर टाकायला म्हणून त्यांनी व्हिडिओ सुरूच केला होता. "वा! श्री काय झकास काढलाय राव! राहू द्या की बाई. कोणाला त्रास होतोय?"

"मला होतोय," मी म्हटलं. "पुसायचा तो."

"लिहिलेला श्री पुसायचा? काहीतरीच काय!"

मी रंगाऱ्याकडे वळले. "ओला आहे तोवर पुस रे." त्याच्या हातात टर्पेंटाइनचं फडकं होतंच. पण त्यानं एकदा फडक्याकडे बघितलं, एकदा चेअरमनच्या मोबाइलकडे, आणि शिडीवरून खाली उतरला. माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, काय लिवायचं ते सांगा, लिवतो. पुसायला मला नका सांगू. माझ्या हातानं श्री पुसताना कोणी बघितलं, त्याचा व्हिडिओ फिरला, तर मला कोण विचारनार हाय का, कुनी सांगितलं व्हतं म्हनून? घरी दोन पोरी हायेत माझ्या."

एवढी साधी गोष्ट आपल्या ध्यानात येऊ नये! स्वतःचीच लाज वाटली, आणि माझी खोड अशी की लाज वाटली की मी समोरच्यावर चिडते.

"मग लिहिलासच कशाला मुळात?"

"तुमीच तर शिकवलं, बाई. पेपर हातात आला की आधी वर श्री काढायचा, मग नाव, मग उत्तर. न्हाई काढला की छडी."

खरंच की! होता माझा तो नियम. पहिल्या अक्षरापासून वळण नीट यावं म्हणून काढलेला. साठ पोरांत कोण कुठल्या घरचं, हे तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. आणि नागरिकशास्त्राच्या पेपरालाही तोच नियम. वर श्री, आणि खाली उत्तर, की आपल्या राज्याला स्वतःचा धर्म नाही. तीस वर्षं मी ते पेपर तपासले आणि मला काही खटकलं नाही.

मी चपला काढल्या, पदर खोचला, त्याच्या हातातलं फडकं घेतलं. "शिडी धर."

"अहो बाई, पडाल!" चेअरमन ओरडले आणि मोबाइल खाली करायला लागले.

"पडले तर उचला. आणि ते बंद करू नका. माझा चेहरा नीट येऊ द्या त्यात."

तिसऱ्या पायरीवर श्री अगदी नाकासमोर आला. हात आपोआप जोडले गेले, जन्माची सवय ती. 'घरी देव्हाऱ्यात आहेच की तुझी जागा,' असं मनात म्हटलं आणि फडकं फिरवलं. शेंदरी रंग आधी पसरला, मग फिका झाला, मग नुसता डाग उरला. खाली त्यानं दोन्ही हातांनी शिडी गच्च धरली होती.

व्हिडिओ ग्रुपवर गेला. त्याखाली मी लिहिलं, 'श्री मी पुसला. कोणाला बोलायचं असेल तर दुसऱ्या मजल्यावर यावं, चहा मिळेल.' दोघं-तिघं आले, चहा पिऊन गेले.

दुपारपर्यंत त्यानं डागावर पांढरा रंग दिला आणि उरलेल्या ओळी पुऱ्या केल्या. आम्ही दोघं भिंतीसमोर बसून चहा घेत होतो. मी विचारलं, "का रे, शाळेत तो श्री काढताना तुला काय वाटायचं? खरं सांग."

"बरं वाटायचं," तो म्हणाला. "समद्यांच्या पेपरावर त्योच असायचा. उत्तर येवो न येवो, आपली सुरुवात तर समद्यांसारखी झाली."

तो उठला, शिडी सरकवली, ब्रश बुडवला आणि 'आम्ही'वर आणखी एक हात मारायला लागला.

"अरे, ठळक दिसतंय की ते."

"हितं ऊन लई लागतं, बाई," तो मागं न बघताच म्हणाला. "ह्यो शब्द उडाया नको."