लोटलेलं दार

गल्लीत त्याला सगळे बिळातला म्हणायचे. लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायचा आणि दिवसचे दिवस बाहेर पडायचा नाही. खालच्या इस्त्र्यांची ऊब फरशीतून वर यायची. खोलीत टेबल, दोन स्टुलं, कॉम्प्युटर, रुमालाने झाकलेला माइक आणि आईची खुर्ची. ती गेल्यापासून त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं, तोसुद्धा नाही.

या खोलीत त्याने एकट्याने एक गेम बनवला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, चुकाही त्याच्याच. गेम म्हटलं की लोकांना बंदुका आठवतात. यात एक रिकामी इमारत होती. जिने चढायचे, दारं उघडायची, कोण राहून गेलं ते ओळखायचं. शेवटच्या दाराची किल्ली शोधायला माणूस अख्खी इमारत पालथी घालतो, आणि दार मुळात नुसतं लोटलेलं असतं. ढकललं की आत ती खुर्ची, आणि त्याच्या आईचा खरा आवाज, "आलास? दार लोटून घे. कडी नको लावू, दादा यायचाय अजून."

माइक तपासताना हे वाक्य सहज टिपलं गेलं होतं. दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, प्लायवूडच्या दुकानाचा मालक. आई गेली तेव्हा तो माल आणायला परगावी होता. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दादाने बजावलं होतं, "हा गेम खपला तर दुसरा बनव. नाही खपला तर मुकाट्याने दुकानात ये."

गेम चालला. पण चोरवाटेने. गेम विक्रीला येण्याआधी त्याने एका परीक्षकाला कच्ची प्रत पाठवली होती, ती निसटली आणि जगभर फुकट वाटली गेली. त्या प्रतीत शेवटचं दार अजून जोडलेलंच नव्हतं. ढकला, लाथा घाला, ढिम्म हलायचं नाही. पैसे मोजून घेणाऱ्याला दार उघडायचं, चोरीच्या प्रतीवाल्याला नाही.

त्यामुळे चोर आपल्याच तोंडाने कबुली द्यायचे. 'किल्ली कुठे आहे?' 'काय भंगार बनवलंय, दारच उघडत नाही.' 'गेम झकास, पण दाराचं काय?' रोज असे संदेश. विकत घेणारे थोडेच होते आणि त्यांच्यातलं कुणी लिहायचं नाही. दार उघडलेला माणूस कशाला लिहील?

माझं टाळकं सटकायचं. मी त्याच गल्लीतला, फेरीवाल्यांसाठी भांडणारा माणूस. म्हटलं, "आमच्या गाडीवरचं केळं कुणी उचललं तर आम्ही कॉलर धरतो. तुझी तर गाडीच ढकलत नेली. नावं जाहीर कर एकेकाची."

"कॉलर धरल्यावर माझ्याशी बोलणार कोण?" तो म्हणाला.

आणि बसला उत्तरं देत. दुसऱ्या मजल्यावरचं चित्र पाहिलंत का, जिन्यातला आवाज ऐकलात का. चोरांशी गप्पा. त्याच्याकडे दुसरं होतंच कोण? एक दादा. "दादाने पहिल्याच दिवशी घेतला माझा गेम," हे त्याने मला इतक्या वेळा सांगितलं की मी हात जोडले.

एका दुपारी आम्ही दोघं चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात दादा वर आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "छान झालंय रे तुझं. जिन्यातल्या त्या चपला आईच्याच ना? ओळखल्या मी. पण शेवटचं दार काही उघडेना. किल्ली कुठे लपवलीयस?"

मी तोंड उघडणार, तोच त्याने टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

"माझंच चुकलंय काहीतरी," तो दादाला म्हणाला. "उद्या बघ, उघडेल."

"बघ बाबा. नाहीतर ये दुकानात, तिथे दारंच दारं आहेत." स्वतःच्या विनोदावर हसत दादा उतरला.

मी भडकलो. "सख्खा भाऊ तुझा. खोटं बोलला तुझ्याशी."

"खोटं कुठे? घेतला म्हणाला. कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिला असेल, त्याने घेतला. विकत घेतला असं मीच ऐकलं."

मग त्याने चोरीच्या प्रतीसाठी दुरुस्ती बनवायला घेतली. चोरीचा माल जिथे वाटला जातो तिथेच ती फुकट ठेवणार होता.

"चोरांना शिडी लावून देतोयस," मी म्हणालो.

"आई आत आहे," तो म्हणाला. "आणि दादा बाहेर उभा आहे."

दुसऱ्या दिवशी मी तिथेच असताना दादाचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकला. दादाने विचारलं, "कडी नव्हती लावू दिली तिने?"

"नाही."

"बरं." फोन बंद. त्या दोघांत गेमचा विषय पुन्हा निघाला नाही.

दार आता सगळ्यांनाच उघडत होतं. संदेश कमी झाले, मग थांबलेच. तो टेबलावर फोन उताणा ठेवून बसायचा आणि इस्त्रीच्या वाफेने काच धुरकटली की पुसायचा. खोली सोडली तेव्हा खुर्ची तेवढी सोबत नेली.

आता तो दादाच्या दुकानात गिऱ्हाइकांना दारं दाखवतो. परवा मी डोकावलो. बिजागरांच्या खोक्याशेजारी फोन तसाच उताणा पडला होता.

"आला का कुणाचा संदेश?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "उघडतंय सगळ्यांना."